कोरियांतील शाळकरी मुलांची निराशा



नोव्हेंबर महिन्यांतील एका गुरुवारीं दक्षिण कोरियाचें आकाश सुमारें अर्धा तास निःशब्द होतें. एकाहि विमानतळावरून विमान उडत नाहीं, आणि जें हवेंत असेल तें उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत वरच्यावर घिरट्या घालीत राहतें. कारण शत्रूचा हल्ला नव्हे कीं वादळ नव्हे. त्या वेळीं देशभरच्या परीक्षागृहांत सुमारें पांच लाख विद्यार्थी कान टवकारून इंग्रजीच्या श्रवणाचा पेपर देत असतात, आणि विमानाच्या घरघरीनें एखादें वाक्य त्यांच्या कानांतून निसटूं नये एवढ्यासाठीं ही सारी व्यवस्था! त्या दिवशीं कचेऱ्या तासभर उशिरां उघडतात, शेअरबाजारहि उशिरां सुरू होतो, आणि वाटेंत अडकलेल्या परीक्षार्थीला पोलीस आपल्या गाडीवर बसवून शाळेच्या दाराशीं नेऊन सोडतात. या परीक्षेचें नांव 'सुनुंग'. १९९३ सालीं ती सुरू झाली, आणि विद्यापीठाचें दार कोणाला उघडावयाचें हें ठरविण्यांत तिचा मोठा वांटा असतो.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आतां कोरिया परका राहिलेला नाहीं. घरांतील मुली तेथील गाणीं गुणगुणतात, तेथील मालिका रात्र रात्र जागून पाहतात, आणि त्यांतील गणवेशांतलीं शाळकरी मुलें त्यांना शेजारच्या बिऱ्हाडांतल्यासारखीं ओळखीचीं झालीं आहेत. त्याच गणवेशांतील खऱ्याखुऱ्या मुलांविषयीं आज मला बोलावयाचें आहे. विषय सुखाचा नाहीं. कोरियांत दहा ते एकोणीस या वयांत जे मृत्यु होतात त्यांचें पहिल्या क्रमांकाचें कारण आत्महत्या हें आहे. हें ऐकून आपण यंत्र बंद करूं नये, आणि घरांत मुलें ऐकत बसलीं असतील तर त्यांना कांहीं तरी निमित्त काढून बाहेरहि पाठवूं नये. असें मी कां म्हणतों, तें भाषणाच्या ओघांत ध्यानीं येईलच.

प्रथम आंकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. २०२४ सालीं कोरियांत एकंदर १४,८७२ माणसें आत्महत्येनें मृत्यु पावलीं. म्हणजे लाखांमागें सुमारें २९. संपन्न देशांच्या संघटनेंत हें प्रमाण गेल्या वीस वर्षांपैकीं बहुतेक वर्षें सर्वांत वरचें राहिलें आहे. मात्र यांत मोठा वांटा प्रौढांचा व वृद्धांचा आहे. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांत तें लाखांमागें सुमारें आठ इतकें भरतें. मग तें पहिलें कारण कसें ठरलें? याचें एक उत्तर असें कीं, देवी, पटकी, विषमज्वर यांना ज्या देशानें हटविलें, जेथें दवाखाने उत्तम आहेत, तेथें मुलांच्या मृत्यूचीं कारणेंच थोडीं उरतात; जें उरतें तें मनांतलें. परंतु एवढ्यावर समाधान मानतां येत नाहीं. २०१७ मध्यें हेंच प्रमाण लाखांमागें पांचांहून कमी होतें. सात वर्षांत तें इतकें चढलें, आणि तेंहि ज्या देशांत मुलांची संख्या दर वर्षीं घटत आहे तेथें.

अशा वेळीं लोकांना एक सोपें उत्तर हवें असतें, आणि तें तयारच असतें : परीक्षा! कोरियाबाहेरचे वार्ताहर तेथें जातात, सुनुंगच्या दिवशींचीं छायाचित्रें घेतात आणि परीक्षेनें मुलें मारलीं असा निर्णय देऊन परत येतात. हा निर्णय सर्वस्वीं खोटा आहे असें नाहीं. पण तो अपुरा आहे, आणि अपुरें उत्तर कधीं कधीं खोट्या उत्तरापेक्षां अधिक घात करतें. कारण परीक्षा हेंच सर्व कांहीं असें मानलें कीं, ज्याला चांगले गुण पडतात त्या मुलाकडे आईबापांचें लक्षच जात नाहीं.

कोरियाच्या सरकारानें या बाबतींत एक फार उपयुक्त काम केलें आहे. २००५ पासून तेथील रोगनियंत्रण खातें आणि शिक्षण खातें मिळून दर वर्षीं सुमारें ८०० शाळांतील साठ हजारांच्या आसपास मुलांना प्रश्न विचारतात. आपल्याकडील सातवी ते बारावीच्या वयाचीं हीं मुलें. शाळेंतील संगणकाच्या खोलींत त्यांना बसवितात. नांव विचारीत नाहींत. खाणें, झोंप, व्यायाम, तंबाखू, मद्य अशा अनेक गोष्टींविषयीं प्रश्न असतात, आणि त्यांतच हेहि असतात : गेल्या बारा महिन्यांत तूं आत्महत्येचा गंभीरपणें विचार केला होतास काय? तिचा बेत आखला होतास काय? प्रयत्न केला होतास काय? इतका उघड प्रश्न इतक्या मुलांना वीस वर्षें सातत्यानें विचारणारे देश जगांत थोडे आहेत.

उत्तरें काय येतात? आरंभींच्या वर्षांत पांचांत सुमारें एक मूल पहिल्या प्रश्नाला 'होय' म्हणत असे. पुढें हें प्रमाण उतरत गेलें. २०२० मध्यें तें शेंकडा ११ च्या आसपास आलें. मग पुन्हां चढलें, आणि २०२२ मध्यें शेंकडा १४ च्या वर जाऊन २०२४ मध्यें शेंकडा सुमारें १३ वर राहिलें. प्रयत्न केल्याचें सांगणारीं मुलें शेंकडा तिहींहून थोडीं कमी. तीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा : त्यांतील चौघांच्या मनांत वर्षभरांत केव्हां तरी हा विचार गंभीरपणें येऊन गेलेला असतो, आणि एखादें मूल त्याच्याहि पुढें गेलेलें असतें. मुलींत विचार आणि प्रयत्न दोन्ही मुलांपेक्षां अधिक आढळतात. बहुसंख्य मुलांचा विचार विचारच राहतो व ओसरतो, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. उलट, विचार करणारीं मुलें कमी होत होतीं त्याच काळांतील शेवटच्या कांहीं वर्षांत मृत्यु वाढूं लागले होते. विचार आणि कृति यांचा प्रवास एकाच सडकेनें होतो असें नाहीं.

आतां शास्त्रज्ञ ज्याला जोखमीचा घटक म्हणतात ती वस्तु काय, हें पाहूं. पावसाळ्यांत जुन्या वाड्याची भिंत ढासळते. पडली त्या क्षणीं रस्त्यानें एक मालमोटार गेलेली असते, आणि सारी आळी म्हणते, मोटारीच्या हादऱ्यानें भिंत पडली. पण त्या भिंतींत चार महिन्यांचें पाणी मुरलेलें असतें, उंदरांनीं पाया पोखरलेला असतो, चुना सुटलेला असतो. यांपैकीं प्रत्येक गोष्ट जोखमीचा घटक होय. यांतील एक असली म्हणजे भिंत पडेलच असें नव्हे. आणि अनेक जमल्या तर मोटारहि लागत नाहीं, एखाद्या मांजरानें उडी मारली तरी पुरतें. या पाहणीच्या आंकड्यांतून आपल्याला कळतें तें इतकेंच कीं, ज्या मुलांनीं 'होय' म्हटलें त्यांच्या भोंवतीं कोणत्या गोष्टी अधिक आढळल्या. कोणती आधीं आली आणि कोणती मागून, हें एका दिवसाच्या प्रश्नावलीला सांगतां येत नाहीं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली असाहि संभव असतो. तरीपण तोच कावळा साठ हजार फांद्यांवर, वर्षामागून वर्ष, बसलेला आढळूं लागला म्हणजे त्याच्याकडे दुर्लक्ष करणें शहाणपणाचें नव्हे.

असा पहिला कावळा म्हणजे दीर्घ उदासीनता. प्रश्नावलींत विचारलेलें असतें कीं, गेल्या वर्षांत सलग दोन आठवडे, रोजचे व्यवहार थांबावे इतकी खिन्नता किंवा निराशा वाटली काय? २०२४ मध्यें मुलींपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शानें व मुलांपैकीं चौथ्या हिश्शाच्या आसपास जणांनीं 'होय' म्हटलें. आत्महत्येच्या विचाराशीं या उत्तराचें नातें इतर बहुतेक गोष्टींपेक्षां अधिक निकटचें आढळतें. यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. नवल हें कीं ही खिन्नता बाहेरून खिन्नतेसारखी दिसत नाहीं. मोठ्या माणसाची उदासी आपण ओळखतों. तो जेवत नाहीं, बोलत नाहीं, कोपऱ्यांत बसतो. पंधरा वर्षांच्या मुलाची उदासी चिडचिडीच्या रूपानें येते, डोकेंदुखीच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीनें येते, दार लावून घेण्यानें येते. आणि आपण म्हणतों, वयच असें आहे!

दुसरी गोष्ट झोंप. या विषयावर मला थोडें अधिक बोलावेसें वाटतें, कारण येथें दोष कोणाचा हें अगदीं स्पष्ट दिसतें. कोरियन विद्यार्थ्यांत 'सादांग-ओराक' अशी एक म्हण पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. चार तास झोंपेल तो पास, पांच तास झोंपेल तो नापास, असा तिचा अर्थ. वरच्या वर्गांतील मुलें शाळेच्या दिवशीं सरासरीनें सुमारें सहाच तास झोंपतात. या वयाला वैद्यकशास्त्र आठ ते दहा तास सांगतें. शाळा सुटल्यावर मूल घरीं येत नाहीं, तें 'हाग्वन'मध्यें जातें. हाग्वन म्हणजे खाजगी शिकवणीची शाळा. सेऊल शहरांतील दैची नांवाचा भाग या शिकवण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. रात्रीं त्या सुटतात तेव्हां मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांनीं रस्ते तुंबून जातात. त्या दहाच्या पुढें चालवूं नयेत असा नियम सेऊलनें केला. त्याविरुद्ध पालक व शिकवणीवाले न्यायालयांत गेले, आणि २००९ मध्यें तेथील घटनात्मक न्यायालयानें नियम कायम केला. मुलाला रात्रीं दहा वाजतां घरीं पाठवा हें सांगण्यास देशाच्या श्रेष्ठ न्यायालयाला बसावें लागलें! आणि घरीं गेलेलें मूल तेथें पुन्हां पुस्तक उघडीत नाहीं असेंहि नाहीं.

कमी झोंपणाऱ्या मुलांत, आणि झोंपेनें थकवा गेला नाहीं असें सांगणाऱ्या मुलांत, आत्महत्येचा विचार अधिक आढळतो. निजेचें व मनाचें नातें दुहेरी आहे. खिन्न माणसाला झोंप येत नाहीं, आणि झोंप न झालेल्या माणसाला साधें दुःखहि डोंगराएवढें दिसतें. शिवाय कुमारवयांत शरीराचें घड्याळच पुढें सरकतें. या वयाच्या मुलाला रात्रीं उशिरां झोंप येते व सकाळीं लवकर उठवत नाहीं, ती सर्वस्वीं आळसाची गोष्ट नव्हे. ग्योंगी प्रांतानें २०१४ मध्यें हें ओळखून शाळा सकाळीं नऊ वाजतां भरविण्याचा उपक्रम सुरू केला. जोखमीच्या इतर घटकांना हात घालणें फार कठीण; शाळेची घंटा मात्र माणसाच्या हातीं असते.

आतां परीक्षेकडे परत येऊं. ज्या हाग्वनांविषयीं मी बोललों, त्यांवर व इतर शिकवण्यांवर कोरियन पालकांनीं २०२४ सालीं सुमारें २९ लक्ष कोटी वॉन खर्च केले. शंभरांतील ऐंशी विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या शिकवणीला जात होते. १९८० मध्यें लष्करी राजवटीनें खाजगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली होती. पण शिकवण्या दिवाणखान्यांतून माजघरांत गेल्या इतकेंच, आणि २००० सालीं घटनात्मक न्यायालयानें ती बंदी घटनाविरोधी ठरविली. हा सर्व पैसा कोण भरतो? ज्यांचा पगार बेताचा असे आईबापहि भरतात. आई नोकरी धरते, बाप जादा काम करतो, म्हातारपणासाठीं ठेवलेली पुंजी मोडली जाते. आणि आतां बहुधा घरांत मूल एकच. २०२३ मध्यें कोरियांत एका स्त्रीमागें सरासरी ०.७२ इतकींच मुलें जन्मत होतीं. दोन आईबाप आणि चार आजीआजोबा, मिळून सहा माणसांच्या आशा एका दप्तरांत भरल्या जातात.

येथेंच मला या विषयाचें मर्म दिसतें. टॉमस जॉयनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें २००५ सालीं अशी मांडणी केली कीं, मरणाची इच्छा उत्पन्न करणाऱ्या दोन भावना विशेष आहेत. एक, मी कोणाचाच नाहीं, ही. आणि दुसरी, मी माझ्या माणसांवर ओझें झालों आहें, माझ्यावांचून ते सुखी होतील, ही. ही मांडणी म्हणजे शास्त्राचा शेवटचा शब्द नव्हे. परंतु कोरियन मुलाच्या जागीं क्षणभर उभे राहून पहा. तेथील संस्कृतींत 'ह्यो' म्हणजे मातापितरांची भक्ति ही सर्व सद्गुणांचें मूळ मानली जाते. मूल पाहतें कीं आई थकून घरीं येते ती माझ्यासाठीं, बाबा रविवारींहि कामावर जातात ते माझ्यासाठीं. आणि मग हातीं गुणपत्रिका पडते. तें मूल नापास होण्याला जितकें भीत नाहीं तितकें या ऋणाला भितें. आईबापांनीं एक कटु शब्द न उच्चारतांहि हें घडूं शकतें. किंबहुना तीं प्रेमळ असलीं म्हणजे ऋण अधिक जड होतें. 'तुझ्यासाठींच तर आम्ही हें सारें करतों' हें वाक्य जगांतील प्रत्येक भाषेंत असेल. बोलणाराला तें प्रेमाचें वाटतें, ऐकणाराला कधीं कधीं तें बिल वाटतें.

याचा पडताळा दुसऱ्या बाजूनेंहि येतो. २०१५ मध्यें पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय परीक्षा झाली, तींत गणितांत कोरियन मुलें पुढच्या रांगेंत होतीं. आणि आपल्या आयुष्यावर तुम्ही किती संतुष्ट आहांत या प्रश्नाच्या उत्तरांत तींच अगदीं तळाजवळ होतीं. शाळेच्या पाहणींत कमी गुणांच्या मुलांत आत्महत्येचा विचार अधिक आढळतो हें खरें. पण उत्तम गुण मिळविणारीं मुलेंहि त्यांतून सुटलेलीं नाहींत.

'मी कोणाचाच नाहीं' या पहिल्या भावनेला कोरियन शाळेंत एक नांव आहे : 'वांगत्ता'. वर्गानें मिळून एकाला वेगळें पाडणें, त्याच्याशीं बोलणें बंद करणें, त्याची टर उडविणें हा त्याचा अर्थ, आणि ज्याला वेगळें पाडलें त्यालाहि हाच शब्द लावतात. आपल्या भाषेंत 'वाळीत टाकणें' हा याला तंतोतंत शब्द आहे. पूर्वी वाळीत पडलेला मुलगा शाळा सुटल्यावर तरी सुटत असे. आतां फोनवरील गप्पांच्या गटांत त्याला ओढून आणतात, सारेजण त्याच्यावर तुटून पडतात, तो बाहेर पडला कीं पुन्हां ओढून आंत घेतात. तेथील मुलें याला 'गप्पांचा तुरुंग' अशा अर्थाचा शब्द वापरतात. २०११ च्या डिसेंबरांत देगू शहरांतील एका शाळकरी मुलाचा असा छळ सोसून मृत्यु झाला, आणि त्यानें मागें ठेवलेल्या पत्रामुळें सारा देश हादरला. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१२ मध्यें, सरकारनें शाळांतील हिंसेविरुद्ध व्यापक योजना जाहीर केली. त्या वर्षापासून देशभरच्या विद्यार्थ्यांना या छळाविषयीं नियमानें विचारलें जाऊं लागलें. मारहाण किंवा छळ सोसलेल्या मुलांत आत्महत्येचे विचार व प्रयत्न कितीतरी अधिक आढळतात, हें पाहणी दर वेळीं सांगते. छळ करणाऱ्या मुलांतहि तें प्रमाण वाढलेलें असतें, ही गोष्ट मात्र लोकांच्या गांवींहि नसते.

आणखी कांहीं घटक झटपट सांगून टाकतों. आपलें घर गरीब आहे असें ज्या मुलांना वाटतें त्यांत, आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलांत, लवकर सिगरेट व मद्याला लागलेल्यांत विचार अधिक आढळतात. आपण लठ्ठ आहों अशी वस्तुतः लठ्ठ नसलेल्या मुलींची समजूत हाहि एक घटक आहे, आणि ज्या देशाच्या नटनट्यांचे चेहरे जगभर आदर्श म्हणून लावले जातात तेथें तो असावा हें समजण्यासारखें आहे. फोनच्या अतिरेकाचें नांव सर्वांच्याच तोंडीं असतें; त्याचा संबंध आहे, पण एकटें पडलेलें मूल फोनकडे वळतें कीं फोनमुळें एकटें पडतें, हा गुंता अजून सुटलेला नाहीं.

मघाशीं मी म्हटलें कीं मुलांना बाहेर पाठवूं नये. त्याचें कारण आतां सांगतों. आत्महत्येविषयीं विचारलें तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यांत शिरेल, अशी भीति पुष्कळ सुज्ञ आईबापांनाहि वाटते. ही भीति निराधार आहे. याचा अभ्यास झालेला आहे, आणि शांतपणें, सरळ शब्दांत विचारल्यानें धोका वाढल्याचें आढळलेलें नाहीं. उलट पुष्कळ मुलांना सुटल्यासारखें वाटतें. धोका असतो तो वेगळ्या जागीं. एखाद्या कीर्तिमान् व्यक्तीच्या आत्महत्येचें रसभरीत वर्णन वृत्तपत्रांत आलें कीं पाठोपाठ मृत्यु वाढतात. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञानें १९७४ मध्यें ही गोष्ट आंकड्यांनीं दाखविली आणि गटेच्या १७७४ सालच्या कादंबरीच्या नायकावरून तिला 'वेर्थर-परिणाम' असें नांव दिलें. कोरियांत लोकप्रिय नटनट्यांच्या व गायकांच्या मृत्यूनंतर हें वारंवार दिसून आलें. म्हणून तेथें वार्ताहरांसाठीं २००४ मध्यें नियम तयार झाले व २०१३, २०१८ आणि २०२४ मध्यें ते सुधारण्यांत आले : साधनाचें, स्थळाचें वर्णन करूं नका, मथळ्यांत तो शब्द घालूं नका. मध्यंतरीं तेथील वृत्तपत्रांनीं सौम्य शब्द म्हणून 'टोकाची निवड' असा प्रयोग रूढ केला होता. २०२४ च्या नियमांनीं तोहि नको म्हटलें; कारण निवड म्हटलें कीं चार वाटांतली ती एक वाट आहे असा भास होतो. शब्दांच्या बाबतींत तेथें आणखी एक गंमत आहे, जिला गंमत म्हणवत नाहीं. आत्महत्येला कोरियन शब्द आहे 'जासाल'. त्याचीं दोन अक्षरें उलटीं वाचलीं कीं 'साल्जा' होतें, आणि त्याचा अर्थ 'चला, जगूं या'.

मग विचारावें कसें? उपदेशानें आरंभ करूं नये. 'तसलें कांहीं तुझ्या डोक्यांत नाहीं ना?' असें विचारलें तर 'नाहीं' हें उत्तर आपणच त्याच्या तोंडांत घातलें असें होतें. हल्लीं तूं जेवत नाहींस, रात्रीं जागा असतोस, आवडीचीं पुस्तकें वांटून टाकलींस, असें जें प्रत्यक्ष दिसलें तें सांगावें, आणि मग सरळ विचारावें : मरून जावें असें तुला वाटतें का? उत्तर 'होय' आलें तर रडूं नये, रागावूं नये, 'आमच्या प्रेमांत काय कमी पडलें' असा हिशेब मांडूं नये. ऐकावें, त्याला एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं जाणत्या माणसाची मदत घ्यावी. कोरियांत २००८ पासून शाळाशाळांतून समुपदेशकांच्या खोल्या उघडल्या आहेत. कांहीं ठराविक इयत्तांत प्रत्येक मुलाची मानसिक तपासणीहि होते. तींत एखाद्या मुलाचें नांव निघालें कीं शाळा पालकांना कळविते, आणि मोठी अडचण येथेंच येते, कारण पालकांपैकीं कांहीं जण पुढील उपचाराला नकार देतात. कागदोपत्रीं नोंद राहील, पुढें नोकरीला बाध येईल, विमा मिळणार नाहीं, लोक काय म्हणतील! ज्यांनीं शिकवणीसाठीं म्हातारपणची पुंजी मोडली तेच आईबाप या ठिकाणीं माघार घेतात. त्यांना दोष देणें सोपें आहे. नोंदीची भीति सर्वस्वीं काल्पनिक नसते; पण तिची आणि समोर बसलेल्या मुलाची तुलना करण्याची वेळ तीच असते.

१ जानेवारी २०२४ पासून कोरियानें वेगवेगळे मदतीचे क्रमांक एकत्र करून १०९ हा एकच क्रमांक ठेवला आहे. कुमारवयीन मुलांसाठीं १३८८ हा निराळा आहे. आपल्याकडेहि ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठींतहि बोलतां येतें. कोणाला टिपून घ्यावयाचा असेल म्हणून पुन्हां सांगतों : एक, चार, चार, एक, सहा.

त्या पाहणीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. प्रश्न विचारतांना मुलांचीं नांवें घेत नाहींत, म्हणूनच तीं खरें बोलतात. पण याचा दुसरा अर्थ असा कीं, ज्यानें 'होय' म्हटलें तें मूल कोणतें हें शिक्षकाला कळत नाहीं, सरकारला कळत नाहीं. खोलींत तीस संगणक, तीस मुलें. प्रश्न येतो, चौघेजण 'होय'वर बोट ठेवतात. पुढचा प्रश्न येतो, मग त्याच्या पुढचा. तास संपल्याची घंटा होते. मुलें खुर्च्या सरकवून उठतात आणि सारींजणें मिळून पुढच्या वर्गाला जातात, व संध्याकाळीं आपापल्या घरीं.